वय चोरून

टॉडमॉर्डनला, कालव्यालगतच्या हॉलमध्ये,
शनिवारी दहा ते एक मोडकं दुरुस्त करून मिळतं.
टोस्टर, छत्र्या, एक बोलकी बाहुली जी आता नुसती खरखरते,
आणि माझ्या टेबलापाशी एनिड ग्रीनवुड, वय एक्याऐंशी,
तिचा लॅपटॉप, वय चौदा.
आमच्या दोघांत आधी कोण तापतं
यावर पैज लावू नकोस, म्हणाली.

तिला माग काढायचाय.
कागदावर नव्हे. त्रिमितीतला,
चहूबाजूंनी फिरवून बघता येईल असा,
पंधराव्या वर्षी ज्याच्यासमोर तिला उभं केलं, तो.
गिरणी पाडली. तिथं आता गाड्या लावतात.
फोटो एकच, आणि त्यातही मागाला झाकून
पोट सुटलेला टॅकलर उभा.
आम्ही त्याला जॉबर म्हणतो, मी म्हटलं.
काहीही म्हण, ती म्हणाली, हलणार नाही तो.

प्रोग्रॅम उघडला की पाटी येते:
तुमचं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे.
कंपनीनं तर केव्हाच हात झटकले,
तिच्या लेखी हे कार्ड वारलं,
तेरावंही उरकलं.

मी जुनं सगळं पुसून लिनक्स चढवलं,
आणि तो ड्रायव्हर, कुणीकुणी फावल्या वेळात लिहिलेला,
ज्यांना या चिपचा नकाशा मिळाला नव्हता,
ज्यांनी अंधारात भिंती चाचपत
घर पाठ केलं.
बदलांच्या यादीत एक नोंद सापडली, अकरा महिन्यांपूर्वीची:
'सावल्या उलट्या पडत होत्या. आता सुलट.
आईच्या मशीनवर तपासलं.'
कोण, कुठली आई.
नावाच्या जागी तीन अक्षरं.

तरी पाटी येतेच.
मग मी टर्मिनलमध्ये एक ओळ टाकली.
कार्डाला सांगितलं, विचारलं तर तीन-तीन म्हणू नकोस,
चार-तीन म्हण, वय चोर.
माझ्या धाकट्या आत्यानं आयुष्यभर हेच केलं
आणि तिचं कुठं काही अडलं नाही.
प्रोग्रॅमनं विचारलं,
कार्डानं पापणी न लववता थाप मारली
आणि दार उघडलं.

सगळं नाही जमत.
काच काळी दिसते, धूर दिसतच नाही,
सेकंदाला अकरा चौकटी, त्याही पंखा कण्हत असताना.
काही फिरवायला घ्यावं
तर आधी विचार करतं, मग वळतं.
धुराचं मला काय करायचंय, लव्ह, एनिड म्हणाली,
धूर मी पुरेसा पाहिलाय.

आधी तिनं धोटा काढला. कडा जरा फेंगड्या.
या भोकातून धागा ओठांनी ओढून घ्यायचो, म्हणाली,
आणि पुढचे दात दाखवले,
जे तिचे नाहीत.

मी सांगितलं, इचलकरंजीला आमच्या घरासमोरच्या शेडमध्ये
असाच एक होता. अप्पा म्हणायचे,
विलायतेत भंगारात निघालेला, बोटीनं आलेला.
त्याच्या ओतीव बाजूवर अक्षरं होती,
रंगाच्या थरांखाली बुजलेली,
शाळेत जाताना मी बोट फिरवून वाचायची:
टी, ओ, डी,
पुढचं झिजलेलं.
सुटे भाग मिळेनासे झाले
तेव्हा दऱ्याप्पा मेस्त्री ते कानसीनं घासून बनवायचा,
मोडका तुकडा डोळ्यांजवळ धरून.
नकाशा त्यालाही कुणी दिला नव्हता.

एनिड बराच वेळ काही बोलली नाही.
मग पडद्यावरच्या मागाच्या बाजूवर
तिनं टी काढला, ओ काढला,
डी काढताना कार्ड अडखळलं
आणि सगळं गोठलं.

एक वाजत आला होता. कुणीतरी खुर्च्या रचायला लागलं.
बाहुलीवाला बाहुली तशीच घेऊन निघाला.
मी बटणाकडे हात नेला, तिनं तो धरला.
थांब. येईल तो.
आणि चहाचे कप आणायला म्हणून
दोन्ही तळवे टेबलावर टेकवून
तिनं आधी विचार केला,
मग उठली.